वाळूच्या रंगाचं ठाण

छोटू येणार म्हणून दादांनी सुट्टीच्या दिवशी कारखाना उघडला, कटिंगच्या टेबलावरचे खडूचे डाग ओल्या फडक्याने पुसले आणि भोवती खुर्च्या मांडल्या. त्या टेबलाशी आजवर कोणी बसलं नव्हतं. वडील होते तेव्हा तिथे उभ्यानेच बोलायचं, थोडं बोलायचं आणि कामाला लागायचं. आक्का दारातून आत आली, खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "तिकीट कुठे फाडायचं?"

दादा हसले नाहीत. सुट्टीचा दिवस असून त्यांनी दाढी केली होती. आक्काने तेही बघून ठेवलं.

मशिनी झाकलेल्या होत्या. मशिनी बंद असल्या की त्या लांबलचक खोलीत तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास जास्तच दाटायचा. आक्काचं बालपण त्या वासात गेलं होतं. शाळेचे, टपालाचे, रेल्वेचे आणि अधूनमधून लष्कराचे गणवेश शिवणारं घर. या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात ती आणि दादा झोपून जायचे, आणि डोक्यावर वडिलांची कात्री संथपणे चालत राहायची. तो आवाज थांबला की दोघांना जाग यायची. मग छोटू जन्मला, रांगायला लागला, त्याच टेबलाखाली बसून बडबडायला लागला, आणि तेव्हापासून तोंड मिटलं नाही असं आक्का म्हणायची. आता लोकांनी त्याला निवडून दिलं होतं आणि बडबडीचा त्याला पगार मिळत होता. वर्तमानपत्रं त्याला 'अभ्यासू खासदार' म्हणायची. ते वाचताना आक्काला हटकून आठवायचं, की शाळेतली त्याची गणितं तिनेच सोडवून दिली होती.

वडिलांची एक रीत होती. ठाण पसरलं, खडूच्या खुणा झाल्या, की कात्री हातात घेऊन ते मोठ्याने विचारायचे, "लावू?" घरातल्या तिघांनी येऊन खुणा बघायच्या आणि एकेकाने "लाव" म्हणायचं. तिसरं "लाव" ऐकल्याशिवाय कात्री कापडाला टेकत नसे. कधीकाळी एक अख्खं ठाण उलट्या अंगाने कापून ते पस्तावले होते, तेव्हापासूनचं हे. हळूहळू ती घराचीच रीत झाली. दादांचं लग्न, नवीन मशीन, छोटूचं वकिलीला जाणं, सगळं या टेबलाशी विचारलं गेलं. आक्काचा नवरा सैन्यात होता. मागच्या परदेशी मोहिमेसाठी त्याचं नाव आलं तेव्हा तोही सासऱ्याच्या टेबलाशी येऊन लाजत लाजत "लावू?" म्हणाला होता. चहा गाळून होईपर्यंत त्याला तीन होकार मिळाले होते.

छोटूने आल्या आल्या कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. गाडीत बसून कोट चुरगळला होता. "वासच वेगळा या जागेचा," असं म्हणून त्याने डोळे मिटून श्वास घेतला. भाषणांतून तो या टेबलाबद्दल इतकं बोलायचा, की मतदारसंघातल्या लोकांना ते टेबल तोंडपाठ होतं. स्वतः तो इथे कित्येक वर्षांनी येत होता. आल्यावर त्याला दिव्याचं बटणही सापडलं नाही.

त्याचं म्हणणं असं होतं. समुद्रापलीकडच्या देशात एकाच देशाची दोन सैन्यं एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. गावंच्या गावं जळतायत. होड्या भरभरून माणसं आपल्या बंदरात उतरतायत. तिथल्या सरकारने आपल्याकडे सैन्य मागितलंय. न पाठवावं, तर ती आग उद्या आपल्या दारात येणार. पाठवावं, तर चार-सहा महिन्यांचं काम. उद्या सभागृहात मतदान आहे, बाजू अगदी बरोबरीत आहेत, एकेका मतावर सगळं अडलंय, आणि ठरावाच्या बाजूने बोलायची जबाबदारी पक्षाने त्याच्यावर टाकली आहे.

"पण मी हो म्हणण्याआधी इथे आलो," तो म्हणाला. "वडिलांच्या टेबलाशी विचारल्याशिवाय मी कात्री लावणार नाही. मला तीन होकार हवेत."

"आणि उद्या हे भाषणात सांगायचं," आक्का म्हणाली.

"सांगितलं तर काय बिघडलं?"

"काहीच नाही. पण मग विचारायला आलोय असं म्हणू नकोस, छोटू. सामान न्यायला आलोय म्हण."

दादांनी हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा. "माझ्याकडून लाव," ते म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की क्षणभर छोटूसुद्धा गडबडला. साध्या शाळेच्या चड्डीचं कापड कापायचं तरी दादा दोनदा पट्टी लावून बघणारे. त्यांनी युद्धाला होकार दिला आणि लगेच चहाचं विचारलं.

दादांची बायको टेबलाच्या टोकाशी उभी होती. तिला सगळे वहिनी म्हणत, शेजारीपाजारीसुद्धा. वहिनी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. त्यांचं लक्ष खिडकीपाशी टेकून उभ्या असलेल्या मुलाकडे होतं. मुलगा सैन्यात लेफ्टनंट होता, रजेवर आला होता, आणि सैन्य गेलंच तर त्याची तुकडी पहिल्या जहाजावर चढणार होती. त्यामुळे छोटूला जे तीन होकार हवे होते, त्यातला एक या आईचा हवा होता. हे छोटूने उघड म्हटलं नव्हतं. वहिनींना ते कळायला म्हणावं लागत नव्हतं.

लेफ्टनंट इतका वेळ गप्प होता. काकाच्या बोलण्यातला फुगवटा त्याला लहानपणापासून ठाऊक होता. पण गेल्या महिन्यात त्याची तुकडी बंदरावर होती, होड्यांतून माणसं उतरवून घ्यायला. त्यातला एक शिंपी त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पायात एकच बूट, आणि शिलाई मशीनचं नुसतं मुंडकं छातीशी धरलेलं. खाली ठेव, तुला हात देतो, असं खुणेने सांगितलं तरी ठेवेना. शेवटी त्याला मशीनसकट उचलून घ्यावं लागलं. हे त्याने सांगितलं. त्या घरात मशीनचं वजन सगळ्यांना माहीत होतं.

"काका बोलतात त्यातलं निम्मं मला पटत नाही," तो म्हणाला. "पण मी ती माणसं हातांनी उतरवून घेतलीत. कोणीतरी जायला पाहिजे. माझ्याकडून लाव."

वहिनींनी टेबलाची कड धरली. लहानपणी कापडाचं टोक धरायला सांगितलं की तो याच आवाजात 'हो' म्हणायचा. सकाळी या घरात एका बाजूला छोटू होता आणि दुसऱ्या बाजूला बाकीचे. आता नवरा तिकडे गेला, मुलगाही गेला. उरल्या त्या आणि आक्का.

छोटूने मनात दोन होकार मोजले आणि आवाज खाली आणला. खालच्या आवाजात तो चांगला बोलायचा, हे त्याला माहीत होतं. तो आधी आक्काकडे वळला. भाऊजींनी केलेलं बलिदान आपण विसरलो नाही, म्हणाला. त्यांच्यासारख्यांमुळेच देशाचं नाव राहिलं.

आक्काने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "ते पुलाची राखण करायला गेले होते. आठवतं ना?"

"आठवतं की."

"तिथे पोचल्यावर कळलं, की पूल आधीच्याच पुरात वाहून गेलाय. वर कळवलं. वरून हुकूम आला, राखण चालू ठेवा. मग नदीच्या काठी तंबू ठोकून बसले. समोर नुसतं पाणी. तिथेच ताप आला आणि गेले. पूल नव्हताच, छोटू. नसलेल्या पुलावर माणूस घालवला तुम्ही लोकांनी." ती जरा थांबली. "पदकावर मात्र पूल छान कोरलाय. कठडासुद्धा आहे."

छोटू म्हणाला, की तेव्हाच्या लोकांनी अभ्यास केला नव्हता. या वेळी सगळा अभ्यास झालेला आहे. तज्ज्ञ बसले आहेत, नकाशे आहेत, अहवाल आहेत. त्याने स्वतः सगळं वाचलंय. आक्काने विचारलं, मग तुझा मुलगा का नाही गेला सैन्यात? त्याला धुळीचा त्रास होतो, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून छोटूने विषय बदलला. तो वहिनींकडे वळला. उद्या त्यांनी फक्त सभागृहाच्या सज्जात येऊन बसावं, बोलायचं काही नाही. सैनिकाची आई बसली आहे एवढं लोकांना दिसलं की पुरे. गाडी पाठवतो.

वहिनींनी टेबलाची कड सोडली नाही. माणसाला विचार करायला वेळ द्यावा आणि तेवढ्यात त्याच्याकडून एखादं बारीक काम करून घ्यावं, म्हणजे तो आपला होतो, हे छोटू राजकारणात शिकला होता. त्याने खुर्चीवरचा कोट उचलला.

"वहिनी, तेवढी याला इस्त्री फिरवाल? उद्या हाच घालायचाय."

"मी करतो," दादा उठत म्हणाले. दादांनी जन्मात स्वतःच्या रुमालाला इस्त्री केली नव्हती. वहिनी कोट घेऊन गेल्यासुद्धा होत्या.

इस्त्रीची खोली मागच्या बाजूला होती. दार उघडताना ते आत कशाला तरी अडलं. वहिनींनी खांद्याने ढकललं. जमिनीपासून खिडकीपर्यंत गठ्ठे रचलेले होते. पुढचे भाग, पाठी, बाह्या, कॉलरी, सगळं कापून, कापडाच्या काठाच्या पट्ट्यांनी बांधून ठेवलेलं. रंग कोरड्या वाळूचा. सवयीने त्यांनी आधी इस्त्री तापायला लावली. मग एक गठ्ठा सोडला.

या घरात येऊन त्यांचा जन्म गेला होता. खिशांच्या झापा आणि खांद्यावरच्या पट्ट्या पाहून कापड कोणासाठी आहे हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. गेला आठवडाभर दादा जेवायला उशिरा का येत होते, कामगारांना मागच्या दाराने का सोडत होते, तेही आता कळलं. आपला नवरा काही वाईट माणूस नाही, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. आताही तसंच वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. वाईट माणसाने निदान विचार तरी केला असता. यांनी नुसतं कापलं.

इस्त्री तापली. त्यांनी कोटाच्या एका बाहीला ती फिरवली, मग बंद केली, आणि एका हातावर कोट, दुसऱ्या हातात कापलेली एक बाही असं घेऊन बाहेर आल्या. बाही टेबलावर ठेवली.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे कापताना कुणाला विचारलंत?"

दादांनी बाहीकडे बघितलं, छोटूकडे बघितलं, छतावरच्या पंख्याकडेही बघितलं. मग बोलायला लागले ते सगळं एका दमात. छोटूचा फोन आला होता. सरकारी कचेरीतून नमुना आला होता. सगळे कारखाने कापायला लागले होते. ठराव झाल्यावर कापायला घेतलं असतं तर आपल्या वाट्याला टोप्यासुद्धा आल्या नसत्या. यात युद्धाचा काही संबंध नाही, हे नुसतं काम आहे.

"दादा, मी फक्त शक्यता म्हणालो होतो," छोटू म्हणाला.

"तू म्हणालास, सुया काढून ठेव."

आक्का हसायला लागली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. ती इतकी हसली की तिला त्या मांडलेल्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

लेफ्टनंटने बाही उचलली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. आरपार खिडकीच्या चौकटीचे गज दिसत होते. त्याने ती खालीवर केली, उलटी करून पाहिली.

"बाबा, हा कुठला रंग?"

"वाळूचा." दादांना जरा धीर आला, कापडाचं बोलणं निघालं म्हणून. "मागच्या मोहिमेला हाच गेला होता. कचेरीने तोच नमुना पाठवलाय. आजोबांचे कापड आखायचे पुठ्ठ्याचे फर्मे होते ना, ते तसेच्या तसे लागू पडले."

"तिथे वाळू नाहीये."

त्याने बाही आणून परत टेबलावर ठेवली.

"तिथे जंगल आहे," लेफ्टनंट म्हणाला. "डोंगर, धुकं, पाऊस. झाडी इतकी दाट की भर दुपारी कंदील लावतात. थंडीत वरच्या घाटात बर्फ पडतो. ती माणसं होडीतून उतरली तेव्हा त्यांच्या अंगावर लोकरीचे डगले होते. हा रंग घालून मी त्या झाडीत उभा राहिलो, तर पाठीला दिवा बांधून उभं राहिल्यासारखं आहे." तो काकाकडे वळला. "तुम्ही अहवाल वाचलात म्हणालात."

छोटूने घसा साफ केला. सारांश वाचला होता, तो म्हणाला. सारांशात हवामानाचा भाग नव्हता. एकंदरीत परदेश म्हणजे कोरडा भाग असावा अशी आपली कल्पना झाली.

"उद्या तुम्ही त्यावर भाषण करणार आहात, काका."

"भाषणात हवामान येत नाही रे."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की पोराला त्याची कीवच आली. इतका वेळ त्याला वाटत होतं, की काका फुगवून बोलत असले तरी त्या बोलण्याच्या मागे कुठेतरी, एखाद्या खोलीत, शांत डोक्याची माणसं नकाशावर वाकून बसली असतील. आता त्याला दिसलं की त्या खोलीत आजोबांचे फर्मे आहेत.

"मी माझा होकार परत घेतो," तो म्हणाला.

छोटूचं म्हणणं पडलं, की रीतीप्रमाणे एकदा दिलेला होकार परत घेता येत नाही. वडिलांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. आक्का म्हणाली, वकील झालास त्याचा या घराला आज पहिल्यांदा उपयोग झाला. दादांनी मध्ये पडून दोघांना शांत केलं. भांडायचं कारण नाही, ते म्हणाले, कापड वाया गेलेलं नाही. हिरव्यात बुडवून काढता येईल. आतून अस्तर लावलं की थंडीचंही भागेल. छोटूने विचारलं, रंग पक्का बसेल का? दादा म्हणाले, का नाही बसणार, वर थोडा काळपट दिसेल, पण जंगलात ते बरंच. मग अस्तर कसलं, बाह्यांना लावायचं की नुसतं छातीला, बटणं बदलावी लागतील का, यावर दोघं भाऊ टेबलावर वाकून बोलायला लागले. लहानपणी भोवरा दुरुस्त करताना बोलायचे तसे, डोक्याला डोकं लावून. कित्येक वर्षांत त्यांचं इतकं जमलं नव्हतं.

वहिनी बघत राहिल्या. मग त्यांनी दोघांच्या मधून ती बाही ओढून घेतली.

"त्या मशीनवाल्या माणसासाठी माझ्या मुलाला जायचं असतं, तर मी रडत का होईना, 'लाव' म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला कळतं ते. कुणाचं घर जळत असेल तर दार लावून बसता येत नाही. पण इथे त्या माणसाबद्दल एक शब्द नाही. एकाला कापड खपवायचंय, एकाला भाषण. भाऊजी, तुम्हाला उद्या सज्जात माझं तोंड हवंय. ते मिळणार नाही. आणि मी तिथे दिसले नाही, पण भाषणात माझ्या नावाने होकार मात्र आला, तर मी वर्तमानपत्रवाल्यांना ही खोली उघडून दाखवीन."

छोटूने कोट अंगात घातला. एक बाही कडक होती आणि एक चुरगळलेली. दारात थांबून त्याने टेबलाकडे एकदा भरल्या डोळ्यांनी पाहिलं. तिथे कोणी छायाचित्र घ्यायला नव्हतं, तरी पाहिलं. सवय असते.

दुसऱ्या दिवशी मतदानाची घंटा वाजली तेव्हा छोटू उपाहारगृहात चहा पीत होता. पक्षाला त्याने सांगितलं, पोट बिघडलं, भाषण दुसऱ्याला द्या. घरी सांगितलं, निषेध म्हणून गैरहजर राहिलो. दोन्हीकडे कोणी पुढे काही विचारलं नाही, आणि तेच त्याला लागलं. एकेका मतावर अडलेला तो ठराव इतक्या हातांनी मंजूर झाला, की मोजणाऱ्याने मधेच मोजणं सोडलं. बाहेर उभ्या असलेल्या बातमीदारांपैकी कोणालाही, त्याने काय केलं असतं, यात रस नव्हता. पुढे त्याला कुठल्याशा समितीचं उपाध्यक्षपद मिळालं. समिती परदेशातल्या हवामानाचा अभ्यास करणारी आहे, असं आक्का सांगत सुटली. तशी ती नव्हती, पण बऱ्याच जणांना ते खरं वाटलं.

लेफ्टनंटची रजा रद्द झाली. होकार परत घेतलेला मुलगा हुकूम आला तसा निघाला. सैनिकाला कोणी टेबलाशी उभं करून विचारत नाही.

धक्क्यावर निरोपाला वहिनी आणि दादा गेले. घरात बोलणं नव्हतं, पण एकाच गाडीने गेले. आक्का आली नाही. मी एकदा निरोप दिलाय, म्हणाली, आता दुसऱ्या कोणीतरी द्यावा. कठड्यापाशी लेफ्टनंट घाईघाईत येऊन भेटला. कोरा गणवेश, वाळूच्या रंगाचा. रंगवायला आणि अस्तराला कोणाला वेळ मिळाला नव्हता, किंवा कोणी विचारलंच नव्हतं. वहिनींनी त्याच्या कोपराला हात लावला. कापडातून हाड हाताला लागलं.

"आतून दोन बनियन घातलेत," तो म्हणाला.

"रंगाचं सांगितलंस वर?"

"सांगितलं. म्हणाले, पुढच्या वेळी बघू."

त्याने वाकून नमस्कार केला आणि पळत रांगेत गेला. धक्क्यामागे हिरवीगार टेकडी होती आणि तिच्यासमोर रांगांवर रांगा उभ्या होत्या, सगळ्या त्याच एका रंगाच्या. शहरातल्या झाडून सगळ्या कारखान्यांनी तोच नमुना कापला होता. दादा शेजारच्या अनोळखी गृहस्थाला बोटाने दाखवत होते, ती डावीकडची रांग आमच्याकडची, कॉलर बघा कशी बसली आहे. गृहस्थ मान हलवत होते. वहिनींनी आधी त्या रांगेत शोधलं, मग पुढच्या, मग मागच्या. जंगलात कोणालाही लांबून दिसावा असा तो रंग. त्यांना मात्र त्यातून आपलं पोर काही वेगळं काढता येईना, आणि तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला, आणि सगळ्या रांगा एकदमच हलल्या.